तीन घागरी मासोळ्या

बाई, काल तुमच्या तेरवीले मी भांडण केलं. पंगत बसायची होती, बुंदीवर फडकं टाकून ठेवलं होतं, अन् मी ओसरीवर उभी राहून चार गावच्या पाहुण्याइसमोर तोंड उघडलं. डोक्यावरचा पदर कधी पडला तेही समजलं नाही. लोक म्हणून राह्यले, जाऊ गेल्याच्या दुःखानं वच्छीच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम-बिरिणाम काही नाही. जे पाच महिन्याआधी विहिरीवर बोलायचं होतं ते मी काल बोलली. पण ज्याइले सगळ्यात आधी सांगायचं त्या तुम्हीच ऐकायले नव्हत्या, म्हणून आज लिहायले बसली.

लिहिणं हे आपल्या दोघीचं जुनंच काम. तुम्ही मोठी जाऊ, मी धाकटी. तुम्हाले अक्षर येत नव्हतं अन् मी सातवी पास. लग्न होऊन मळ्यात आली त्या दिवशी तुम्ही माझं तोंडही नीट पाह्यलं नाही, पहिलं हेच विचारलं, "तुले वाचता येते म्हणतात. लिहिताही येते काय?" मी हाव म्हटलं. "मग भाकरी कच्ची राह्यली तरी चालीन," तुम्ही म्हणाल्या. मोठे भासरे, म्हणजे तुमचे मालक, आधीच देवाघरी गेले होते, मळा तुमच्या हातात होता. आमच्या याइले तुम्ही लेकरासारखं वाढवलं, त्यामुळे तुमच्यासमोर त्याइची मान वर होत नव्हती. माझी होत होती. म्हणूनच आपलं पटायचं अन् म्हणूनच रोज भांडण व्हायचं.

तुमचं माहेर पूर्णेकाठचं. तिथली एक रीत तुम्ही आपल्या घरात आणली. पोरगी सासरी निघाली का बापाच्या विहिरीतल्या मासोळ्या घागरीत घालून तिच्यासंगं द्यायच्या अन् तिनं त्या सासरच्या विहिरीत सोडायच्या. तुम्ही बैलगाडीत घागर मांडीवर धरून आल्या. वाटेत दोनदा गाडी थांबवून ओढ्याचं ताजं पाणी घातलं, अन् वऱ्हाडी म्हणाले, नवरी नवऱ्यापेक्षा मासोळ्याइलेच जपून राह्यली. तुमच्या मायनं स्वतः धरलेल्या मासोळ्या होत्या त्या. त्याइचीच पिलावळ पुढं वीस-बावीस वर्षं आपल्या विहिरीत नांदली.

रोज सकाळी ज्वारीच्या पिठाची गोळी टाकायची. मासोळ्या वर आल्या, गोळी ओढली, का मग पहिली बादली काढायची. तोवर घरातलं लहान लेकरूही पाण्याले तोंड लावत नव्हतं. मले पहिल्या दिवशी हासू आलं, तशा तुम्ही कडाडल्या, "हासतं काय वं? ते आपल्या आधी पाणी पेतात. आपल्यासाठी पेतात." तुम्ही विहिरीवरून घरात आल्या का सासूबाई, होत्या तोवर, बाजेवरून विचारायच्या, "आल्या काय वर?" अन् तुम्ही म्हणायच्या, "आल्या." मग चूल पेटायची.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तवा. कारखान्याचं नाव काढलं का जो तो छाती फुगवायचा. आपल्या नाल्याच्या वरच्या अंगाले शेठनं सूत रंगवायची शेड टाकली तेव्हा गावानं नारळ फोडले. पंधरा-वीस गडी कामाले लागले. पहिल्या हिवाळ्यात नाला कधी लाल वाहायचा, कधी निळा. लोकाइनं आरडाओरड केली त शेठनं एक मोठा हौद बांधला. पाणी त्यात उभं राहायचं, रंग खाली बसायचा, अन् निवळलेलं पाणी नाल्यात यायचं. गाव खुश! पाणी कसं आरशावाणी, म्हणायचे.

तुम्ही नाही खुश झाल्या. तुम्ही मले नाल्यावर नेलं, लुगडं खोचलं, पाण्यात उतरल्या अन् शेडच्या वरच्या अंगाचा एक दगड पलटला. त्याखाली बारके शिंपले होते, खेकड्याचं पिल्लू होतं, चतुराच्या अळ्या होत्या. मग शेडच्या खालच्या अंगाले आलो. तिथं दहा दगड पलटले. गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळून राह्यल्या होत्या, दुसरं काही नाही.

"मेल्या वाटते बाकीच्या," मी म्हटलं.

"काय मेलं ते कोणीही सांगीन. काय जगून राह्यलं ते पाहा. या लाल अळ्या जिथं माजल्या तिथं दुसऱ्या कोणाचं जमत नाही. पाणी निवळलं हाये, सुधारलं नाही."

मग तुम्हाले सगळीकडं तेच दिसायले लागलं. बांधावरची खेकड्याची बिळं ओस पडली. बाभळीच्या फांदीवरून नाल्यात सूर मारणारा खंड्या दिसेनासा झाला. मासे नाहीत त तो कायले बसतो तिथं? अन् आपली विहीर नाल्यापासून चाळीस पावलावर, नाल्याच्याच झिऱ्यानं भरणारी. तुम्ही म्हणाल्या, "आता आपली पाळी. अर्ज लिही."

मी भांडली. म्हटलं, बाई, साहेब लोकाइले खेकड्याचं अन् खंड्याचं लिहिलं त ते हासतीन. गावात कोणाचं पोट दुखलं, कोणाले खरूज झाली, त तसं लिहू. तुम्ही माझ्या हातातला कागद ओढला. "माणसाचं पोट दुखेपर्यंत थांबायचं असन त मासोळ्या कायले पाळायच्या?" तरी मी घंटाभर वाद घातला. हे ओसरीतून म्हणाले, "वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. शेठ मोठा माणूस." तुम्ही फटकन बोलल्या, "माशाशी कोण वैर करून राह्यलं? मी त मासोळ्याच्याच बाजूची हाये!" त्या दिवशी तीन पानी अर्ज झाला. खेकडे, शिंपले, चतुर, खंड्या सगळे त्यात बसले. शेवटी तुम्ही सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरवलं, "आमच्या विहिरीत मासोळ्या हायेत तोवर पाणी हाये. त्या गेल्या का आम्ही कळवू."

बाई, आता माझं ऐका.

फाल्गुनात तुमची माय आजारी पडली. तुम्ही माहेरी गेल्या, महिनाभर राह्यल्या, तिचं सगळं करून परतल्या. जाताना मासोळ्या माझ्या हवाली केल्या होत्या. तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी दोन मासोळ्या उलट्या तरंगून राह्यल्या होत्या, दुसऱ्या दिवशी चार, अन् होळीच्या आत विहीर साफ. मी बादलीनं एकेक काढली अन् शेवग्याच्या बुडाशी पुरली. आधी मले वाटलं, माझंच काही चुकलं, पीठ जास्त पडलं असन. मग निरोप आला का तुमची माय गेली.  माय गेली तिकडं अन् मायच्या मासोळ्या गेल्या इकडं. कोणत्या तोंडानं सांगू? मी धोंडू भोयाले गाठलं. म्हटलं, दादा, पूर्णेच्या मासोळ्या घागरभर आणून देजो, अन् कोणाले बोलजो नको. त्यानं आणल्या. तुम्ही आल्या, विहिरीवर गेल्या, गोळी टाकली. मासोळ्या वर आल्या, पण दूरदूरच राह्यल्या. तुम्ही म्हणाल्या, "महिनाभर दिसली नाही त लाजून राह्यल्या माह्याले." अन् तिथंच काठावर बसून मायसाठी रडल्या. मी त्या वेळी कशी बोलणार होती, सांगा ना.

पहिली घागर दयेनं सोडली, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगीन. ती आखाजीपर्यंत, दीडेक महिना, टिकली. दुसरी सोडली ती भेवानं, तुम्ही उठायच्या आधी मेलेल्या काढून, कारण आता सांगितलं त पहिलीचं खोटंही उघडं पडणार होतं. ती तीन बाजार, म्हणजे तीनच आठवडे, टिकली. अन् तिसरी? तिसऱ्या वेळी हे विहिरीवर आले होते, मेलेल्या मासोळ्या त्याइनं पाह्यल्या. मी म्हटलं, आता बाईले सांगूनच टाकते. हे म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. विहीर खराब झाली म्हणून बोंब उठली त नांदुऱ्याच्या बाजारात आपलं वांगं कोण घेईन? मलकापूरचा व्यापारी आपल्या मळ्याच्या नावावर माल उचलते. खाशील काय मंग?" अन् मी ऐकलं. तिसरी घागर मी वांग्यासाठी सोडली बाई, तुमच्यासाठी नाही.

ती सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी साहेबाची जीप आली. तुमच्या अर्जाले तब्बल दीड वर्षानं पाय फुटले होते.

काय तो दिवस! अर्धं गाव मागं, पुढं तुम्ही. साहेबानं बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरून पाह्यलं, झाकण लावलं. तुम्ही म्हणाल्या, "साहेब, बाटलीतलं पाणी एका घटकेचं. आज शेठनं शेड बंद ठेवली हाये. बूट काढा, पाण्यात या, दगड पलटून दाखवते. त्याखाली जे राह्यते ते बारा महिने राह्यते, त्याले बंद-चालू समजते." साहेबानं बुटाकडं पाह्यलं, मग तुमच्याकडं, अन् हासला. लोकही हासले. तुम्ही नाही डगमगल्या. एकट्या उतरल्या, चिखलातल्या लाल अळ्या ओंजळीत घेऊन त्याच्या नाकासमोर धरल्या. तो दोन पावलं मागं सरला. कोण होत्या तुम्ही, बाई! सही करायले अंगठा अन् साहेबाले शिकवायले ओंजळ!

मग शेठ पुढं आला, हात जोडून, गोड आवाजात. "साहेब, बाईइनं अर्जात स्वतःच लिहिलं, मासोळ्या हायेत तोवर पाणी हाये. चला ना बाईच्याच विहिरीवर. हातच्या काकणाले आरसा कायले?"

सगळे विहिरीवर आले. पिठाची गोळी तुम्हीच टाकली. तीन दिवसाआधी सोडलेल्या त्या नव्या मासोळ्या अशा तुटून पडल्या का पाणी उडालं.

तुमचं तोंड मी कधी विसरणार नाही. तुम्ही कठड्याले धरून वाकून पाहत राह्यल्या, लय वेळ. मी तुमच्यापासून दोन हातावर उभी होती. हे माझ्याकडं पाहून राह्यले होते. मी बादलीचा दोर गुंडाळत राह्यली. तुम्ही सरळ झाल्या अन् साहेबाले म्हणाल्या, "मासोळ्या खोटं बोलत नाहीत. मग मीच चुकली असन."

दुसरी कोणी असती त म्हणाली असती, ह्या मासोळ्याचं काय ऐकता, माझं ऐका. तुम्ही तशा नव्हत्या. जिचा शब्द तुम्ही जन्मभर मानला ती साक्ष तुमच्याविरुद्ध गेली, अन् तुम्ही तीही मानली. ती साक्ष मी फितवली होती. साहेब गेला, जाता जाता म्हणाला, पाणी पिण्याजोगं.

त्या दिवसापासून तुम्ही नाल्याकडं फिरकल्या नाही. विहिरीवरही आल्या नाही. गुडघे दुखतात म्हणाल्या. गोळी टाकायचं काम माझ्यावर आलं. पुढच्या बाजाराच्या आत तिसरी घागरही मेली, अन् त्यानंतर मी एकही मासोळी आणली नाही. तुम्ही बाजेवरून रोज विचारायच्या, "वच्छे, आल्या काय वर?" अन् मी म्हणायची, "आल्या."

पाच महिने. रोज सकाळी.

मले माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. माहीत होतं म्हणूनच तुमच्या तांब्यापुरतं पाणी मी देवळाच्या विहिरीवरून आणत होती, तुमची नजर चुकवून. तुम्ही घोट घ्यायच्या अन् म्हणायच्या, "मीच चुकली वं. पाणी त गोड हाये." हे ऐकून मी चुलीपाशी जाऊन ओलं लाकूड फुंकत बसायची, म्हणजे डोळ्याले कारण सापडायचं.

तुम्ही दम्यानं गेल्या. डॉक्टरनं तसं सांगितलं. पाण्यानं गेल्या असं मी म्हणणार नाही, पाह्यल्याशिवाय बोललेलं तुम्हालेच खपत नव्हतं. पण तुम्ही स्वतःले चुकीची समजून गेल्या, अन् ते दम्यानं झालं नाही.

काही बाया म्हणतात, त्याइले सगळं माहीत असन, मोठ्या मनानं पोटात घातलं असन. मी मानत नाही. तुमचं मन मोठं होतं, पण तसलं नव्हतं! माहीत असतं त तुम्ही माझी वेणी धरून मले साहेबासमोर उभं केलं असतं, अन् मग रात्री त्याच डोक्याले तेल लावून दिलं असतं. ती वेणी धरायची राह्यली तुमची. मले तेच खुपते.

त काल. शेठ आला होता तेरवीले. पांढरं धोतर, हातात टोपी. सतरंजीवर बसला, तुमच्या फोटोले हार घातला अन् सगळ्याइले ऐकू जाईन असं म्हणाला, "बाईचा जीव मासोळ्यात होता. विहिरीत मासोळ्या जित्या हायेत, हेच त्याइच्या आत्म्याले समाधान."

मी वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"नाहीत जित्या," मी म्हटलं. "एकही नाही. बाईच्या मासोळ्या होळीलेच मेल्या. त्यानंतर तुम्ही पाह्यल्या त्या म्या आणून सोडल्या होत्या."

हे उठले. "अवं, चूप! घरात जा."

"नाही जात. तेरा दिवस चूप बसली, त्याच्या आधी पाच महिने चूप बसली. आता ज्याले उठायचं तो उठन पंगतीवरून."

कोणीतरी म्हटलं, खोटं कायवरून नाही? तेव्हा मागून, चपलाजवळ बसलेला धोंडू भोई उभा राह्यला. हात जोडून म्हणाला, "म्या देल्या आणून. तीन घागरी. पूर्णेच्या, जित्या, एकाच डोहातल्या. पहिली आखाजीलोक जगली, दुसरी तीन बाजार, तिसरी एक बाजारही नाही. म्या तवाच म्हणून राह्यलो होतो का विहिरीत काही खरं नाही. पण वच्छाबाईनं शपथ घातली होती."

 बाई, तो बोलला तेव्हा मले स्वतःले पहिल्यांदा समजलं. मासोळ्या त्याच, डोह तोच, घागरही तीच. अन् दर वेळी आधीपेक्षा लवकर मेल्या. जी तपासणी तो साहेब बाटलीत करू शकला नाही ती मी खोटं लपवता लपवता तीन वेळा करून बसली होती. तुम्ही असत्या त आधी एक चपराक दिली असती अन् मग म्हणाल्या असत्या, "घे कागद, लिही."

शेठ टोपी घालून गेला. पंगत झाली, पण पाण्याचा गडू कोणी तोंडाले लावेना. शेवटी दोघंतिघं देवळाच्या विहिरीवर गेले पाणी आणायले.

आज सकाळी हे बाजारातून दोन पाट्या वांगी तशीच परत घेऊन आले. बातमी वांग्याच्या आधी नांदुऱ्याले पोचली होती. पाट्या अंगणात आदळल्या अन् मले म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "नाही. अर्ज जायचा हाये अजून." ते पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "वहिनीनं मले त्या दिवशी पाह्यलंच नाही वं विहिरीवर. पाह्यलं असतं त मी बोललो असतो." नसते बोलले. पण आज म्हणाले, हेही काही कमी नाही. ती वांगी मी गाईलेही घातली नाही. खड्डा करून पुरली.

अर्ज लिहून झाला हाये. धोंडू भोयाचा अंगठा घेतला, माझी सही केली, खाली याइचीही घेतली.  तीन घागरीचं सगळं लिहिलं, माझ्या खोटेपणासकट. साहेब हासणार असन त हासो. या वेळी बूट काढल्याशिवाय मी त्याले सोडत नाही.

दुपारी धोंडू आला होता. म्हणाला, "वच्छाबाई, चौथी घागर आणू काय? बाईच्या नावानं?" चांगल्या मनानं बोलला तो. बायाही म्हणून राह्यल्या, बाईची रीत मोडू नको, विहीर ओस ठेवू नको.

मी नाही म्हटलं. ही विहीर ओसच राहीन. जोवर नाल्यातल्या दगडाखाली शिंपला सापडत नाही, बाभळीवर खंड्या येऊन बसत नाही, तोवर मी या पाण्यावर एकही जीव झाकण म्हणून टाकणार नाही. ज्याले पाहायचं त्यानं यावं अन् वाकून पाहावं. गोळी मात्र रोज टाकीन.

आजही टाकली. दहा-बारा माणसं कठड्याभोवती जमली होती, हेही होते. गोळी पाण्यावर तरंगली, भिजली, फुटली, अन् पीठ हळूहळू खाली गेलं.  मी घरात आली. तुमची बाज रिकामी होती, तरी सवयीनं पाय तिथंच थांबले.

नाही आल्या, बाई.